प्रादेशिक सेनेतून परतल्यावर जुनी नोकरी मिळवताना : माझा अनुभव

प्रादेशिक सेना ही मुळात नोकरीधंदा सांभाळून करायची सेवा आहे, आणि त्यामुळेच सैनिकी सेवा संपल्यावर मूळ नोकरीत परत घेतले जाण्याचा हक्क प्रादेशिक सेना अधिनियम, १९४८ च्या कलम ७-अ मध्ये नोंदवलेला आहे. देवळालीच्या बटालियनमधील माझी तैनाती संपल्यानंतर मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील माझ्या कारखान्यात हजर झालो, तेव्हा एचआर विभागाने मला नकार दिला नाही, उलट मोठ्या सौजन्याने नवे नियुक्तिपत्र पुढे केले. मशीन तेच आणि शिफ्टही तीच होती. मात्र रुजू होण्याची तारीख नवी, प्रोबेशन नव्याने आणि पगार नवख्या कामगाराचा होता. मी सही केली नाही.

शेजारीपाजारी माजी सैनिकांच्या आरक्षणाचा सल्ला देत होते. परंतु ती नवी नोकरी मिळवण्याची सवलत आहे आणि माझा दावा जुन्या नोकरीवर होता. सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या न्यायालयात भेटलेल्या वकिलांनी कलम माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतले. मालकाने आवश्यक ती रजा द्यावी आणि सेवा संपल्यावर, नोकरीत खंड पडलाच नसता तर ज्या अटी लागू झाल्या असत्या त्यांहून कमी लाभाच्या नसतील अशा अटींवर कामगाराला परत घ्यावे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे मधल्या काळातली इन्क्रिमेंटही हिशेबात धरावी लागते. परत घेणे व्यवहार्य नाही असे मालकाचे म्हणणे असेल, तर कोणत्याही पक्षाला विहित प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे नियमांनी ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याकडे, जाता येते; तो मालकाला सूट देऊ शकतो, कामावर घेण्याचा आदेश देऊ शकतो किंवा भरपाई ठरवू शकतो. भरपाईची कमाल मर्यादा सहा महिन्यांच्या पगाराइतकीच आहे, आणि पंधरा-वीस वर्षे एकाच ठिकाणी राबलेल्या माणसासाठी ती मला फारच तुटपुंजी वाटते.

सेवेवर बोलावल्याचा आणि सेवेतून मोकळे केल्याचा असे दोन्ही आदेश, मूळ नियुक्तिपत्र, शेवटची पगारपावती आणि भविष्य निर्वाह निधीचे पासबुक जोडून मी लेखी अर्ज दिला व त्याची पोच घेतली. निधीसंबंधीचे हक्क कलम ७-ब खाली येत असल्याने त्याचा उल्लेख वकिलांनी आवर्जून घालायला लावला. तोंडी भेटींत जे महिनोन्‌महिने पुढे ढकलले जात होते, ते वकिलांची नोटीस गेल्यावर हलले. नवे पत्र मागे घेण्यात आले, जुना कर्मचारी क्रमांक व रुजू तारीख कायम झाली आणि थकलेली इन्क्रिमेंट पगारात धरली गेली.

एक मुद्दा अद्याप शिल्लक आहे. मी बाहेर असताना माझ्यानंतर लागलेला सहकारी लाइन इनचार्ज झाला. बढती निवडीने होते, ज्येष्ठतेने नव्हे, असे व्यवस्थापन म्हणते. तर खंड पडला नसता तर निवडीच्या वेळी माझाही विचार झाला असता, असे माझे म्हणणे आहे. तसा स्वतंत्र अर्ज मी दिला असून लेखी उत्तर नकारार्थी आल्यास हे प्रकरण प्राधिकाऱ्यासमोर नेण्याचे आम्ही ठरवले आहे.