आजीचं माहेरचं नाव

परवा कासारवडवलीला भावाच्या लेकीचं बारसं झालं. कानात 'कुर्रर्र' करायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. नाव सुचवायचं कामही मी आपणहून अंगावर घेतलं होतं. ज्येष्ठा नक्षत्र, दुसरं चरण, अक्षर 'या'. वहिनीने फोनवर यादी धाडली: यामिनी, याना, याशिका. एकही मनात बसेना.

मी नौपाड्यातल्या एका शाळेत १७ वर्षं हजेरी घेते आहे. हजेरीपटावर नावांच्या लाटा येतात. एका वर्षी एकाच वर्गात चार श्रावणी होत्या, आता तीन आराध्या आहेत. नावं गोडच, पण ती ऐकून मुलीचं जन्मसाल सांगता येतं. जे नाव ऐकून वय कळत नाही, ते काळाला पुरून उरतं असं मला वाटतं. मीरा, उमा, मुक्ता. मुक्ता पाच वर्षांची असेल, पन्नाशीचीही असेल.

आणि हाक मारून बघावी. मुक्ते! उमे! लाडाने, रागाने, जिन्यावरून. मराठी हाकेतला तो शेवटचा 'ए' नावाला सोसला पाहिजे. पुढे ताई, बाई, काकू, आजी लागलं तरी ते अवघडता कामा नये. मुक्ताबाई म्हटलं की ज्ञानदेवांची धाकटी बहीण डोळ्यांपुढे येते. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी, फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवेही येते. साडेपाचशेहून जास्त वर्षांच्या अंतरावरच्या दोघी एका नावात राहतात.

असं नाव 'या'वरून कुठून आणायचं? तेव्हा मला आजी आठवली.

आजी ८९ वर्षांची. कागदोपत्री सुशीला. लग्नात आजोबांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने ते नाव लिहिलं, तेव्हापासून ती सुशीला. माहेरी, कल्याणला, ती यमुना होती. आनंदीबाई जोशीही कल्याणच्याच. १८६५ साली जन्मल्या त्या यमुना म्हणून, आणि १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या त्या आनंदी म्हणून. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. अशा किती यमुना त्या तांदळांखाली गेल्या असतील, हा विचार मला त्या रात्री झोपू देईना.

गुरुजी म्हणाले, 'य'ही चालेल. वहिनी मात्र थबकली. "ताई, फार जुनं नाही का वाटत?"

"जुनं कुठलं गं? वापरायचंच राहून गेलंय ते."

घाई नव्हती. जन्मनोंदीत बाळाचं नाव वर्षभरात कधीही विनाशुल्क घालता येतं. दोन दिवस तिच्याकडून काहीच कळलं नाही. तिसऱ्या दिवशी मेसेज आला: 'घरात हाक मारून बघितली. यमू. बाळ झोपलेलंच होतं, पण मलाच बरं वाटलं.'

बारशाला हॉलमध्ये बायका पाळणा म्हणत होत्या. गुडघ्यांमुळे आजी आतल्या खोलीत पलंगावर. नाव तिला कुणीच सांगितलं नव्हतं. मी बाळाच्या कानात सांगितलं, मग सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने हाक मारली, "यमू! ए यमू!"

आतून आजीने ओ दिली.