रायफल खांद्यावर, मग रिव्हॉल्व्हर कुठे? शिकारीसाठी चामड्याचं होल्स्टर निवडताना

अलास्का, मोंटाना, वायोमिंगच्या अस्वलांच्या रानात एल्क किंवा मूस या मोठ्या हरणांच्या मागे जाणारे बरेच शिकारी रायफलीच्या जोडीला अंगावर एक दणकट रिव्हॉल्व्हर ठेवतात. प्राणी सोलताना रायफल झाडाला टेकवलेली असते, मांस वाहून आणताना ती सॅकला बांधलेली असते. त्या वेळी अंगावर काहीतरी असावं, एवढंच या रिव्हॉल्व्हरचं काम. म्हणजे दिवसातला जवळजवळ सगळा वेळ ते नुसतं वाहायचं असतं. त्यामुळे झटकन उपसता येण्यापेक्षा पडणार नाही, भिजणार नाही, टोचणार नाही हे गुण आधी बघायचे.

भारतात हौसेची शिकार बंद आहे, तेव्हा हे सगळं तिकडे राहणाऱ्यांसाठी. एच-१बी किंवा तशाच बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल तर एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार अशा व्यक्तीला बंदूक बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे; तिथल्या राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. होल्स्टर, म्हणजे रिव्हॉल्व्हरचं म्यान, घेण्याआधी वकिलाला विचारा. धनुष्यबाणाच्या हंगामात कमरेला बंदूक चालते की नाही, हेही राज्याराज्यांत वेगळं असतं, ते त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत पाहा.

बहुतेक जण होल्स्टर घेताना चामडं आणि नक्षी बघतात. माझ्या मते आधी ठरवायची ती जागा, आणि ती तुमच्या बाकीच्या सामानावर ठरते.

सॅक घेऊन चालणार असाल तर कमरेचं होल्स्टर जवळपास बाद. सॅकचा कमरपट्टा नेमका त्याच जागी येतो. मग रिव्हॉल्व्हर पट्ट्याखाली दाबलं जातं किंवा पट्टा सैल ठेवावा लागतो, आणि पट्टा सैल झाला की तीस किलो मांसाचं ओझं खांद्यांवर येतं. उजव्या खांद्याला रायफल अडकवली तर तिचा दस्ता कमरेवरच्या रिव्हॉल्व्हरच्या मुठीवर आपटत राहतो, आणि त्या खडखडाटाने हरणं सावध होतात. सॅक नसेल, नळी चार-साडेपाच इंचांची असेल आणि दिवसभर पायीच हिंडायचं असेल, तर मात्र कमरेसारखी सोपी जागा नाही.

घोड्यावर, पिकअपमध्ये किंवा चारचाकी एटीव्हीवर बराच वेळ बसायचं असेल तर उलट बाजूला, पोटाच्या डावीकडे, मूठ उजव्या हाताकडे कललेली अशी जागा बरी. साडेसात इंची नळी उजव्या कमरेवर असली की बसताना सीटला टेकते आणि मूठ बरगडीत घुसते. डावीकडे तिरपं ठेवलं की हा त्रास जातो. तोटा एवढाच की उपसताना नळी डावीकडे झाडू मारल्यासारखी फिरते. डाव्या बाजूला साथीदार असेल, किंवा आपलाच डावा हात मध्ये येत असेल, तर ते धोक्याचं. याचा सराव रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर आणि डावा हात छातीशी घेऊनच करायचा.

सॅक आणि मोठी नळी दोन्ही असतील तर छातीवरचं होल्स्टर. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यातल्या सैनिकांसाठी जे छातीवरचं म्यान निघालं, त्याच जातीची ही रचना. अलास्कात वसिलाची डायमंड डी ही कार्यशाळा त्यासाठी नावाजलेली आहे. एक पट्टा खांद्यावरून आणि एक पाठीमागून जातो. रिव्हॉल्व्हर छातीवर तिरपं राहतं आणि सॅक त्याच्या वरून चढते-उतरते. सॅक काढली तरी शस्त्र अंगावरच राहतं, हा याचा सगळ्यात मोठा फायदा. अडचण दुर्बिणीची होते. छातीवरची दुर्बिणीची पेटी आणि होल्स्टर एकाच जागेवर हक्क सांगतात. पेटीचे पट्टे आखडून ती वर घ्या आणि होल्स्टर तिच्या खाली, बरगड्यांच्या शेवटाशी आणा. पोटावर झोपून रायफल चालवायची सवय असेल तर हे अंगाखाली टोचेल, त्याला इलाज नाही. माप देताना हंगामातला सर्वात जाड कोट घालून द्या. नवे पट्टे सुरुवातीला ताणले जातात, म्हणून बक्कलाच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन भोकं शिल्लक असावीत.

बेअर स्प्रेचा, म्हणजे अस्वलाला पळवायच्या तिखट फवाऱ्याचा, डबाही याच हिशेबात धरा. दोन्ही एकाच हाताच्या वाटेवर ठेवले की घाईत नको ते हाताला लागतं.

आता वजन. साडेसहा इंची नळीचं स्मिथ अँड वेसन मॉडेल २९ रिकामं सुमारे १.३५ किलो भरतं, साडेसात इंची रुगर सुपर रेडहॉक दीड किलो. .४४ मॅग्नमचं २४० ग्रेन वजनाच्या गोळीचं अख्खं काडतूस साधारण २५ ग्रॅम, म्हणजे सहा काडतुसांचे आणखी १५० ग्रॅम. पॅंटच्या साध्या पट्ट्यावर एवढं वजन लोंबतं, होल्स्टर बाहेर झुकतं आणि मग दोष होल्स्टरला दिला जातो. दोन थर शिवलेला, पाच-सहा मिलिमीटर जाडीचा पट्टा घ्या. होल्स्टरची फट पट्ट्याच्या रुंदीएवढीच हवी: दीड इंची पट्ट्याला दीड इंची. पावणेदोन इंची फटीत दीड इंची पट्टा घातला की धावताना सगळं वरखाली हलतं.

होल्स्टर अमुक कंपनीच्या रिव्हॉल्व्हरसाठी आहे, एवढं पुरत नाही. नेमकं मॉडेल, नळीची लांबी आणि नळीखालचा जाड भाग, म्हणजे लग, अर्धा आहे की टोकापर्यंत, हे तिन्ही सांगा. अर्ध्या लगच्या २९ वर घडवलेल्या होल्स्टरमध्ये पूर्ण लगचं ६२९ क्लासिक अडकू शकतं. रुगरच्या सुपर ब्लॅकहॉकमध्ये चापाभोवतीची कडी काही मॉडेलांत चौकोनी, काहींत गोल असते. गोल कडीवर घडवलेल्यात चौकोनी नीट बसत नाही. जाड रबरी मूठ लावली असेल तर तेही कळवा, कारण ती अंगठ्याने उघडायच्या पट्टीच्या आड येते. पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, उंच किंवा फायबरची असेल तर आतून तिच्यासाठी खाच सोडलेली हवी. नाहीतर ती दर वेळी चामड्याचे कण खरवडत बाहेर येते आणि एक दिवस फायबरचा तुकडा आतच राहतो.

चामडं वनस्पतीच्या सालीत कमावलेलंच घ्या. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावतात, त्याच कुळातलं. ते ओलं करून रिव्हॉल्व्हरभोवती दाबलं की वाळल्यावर तोच आकार धरून ठेवतं. क्रोममध्ये कमावलेलं मऊ चामडं हा आकार धरत नाही. अमेरिकेत जाडी औंसात सांगतात. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, सुमारे ०.४ मिलिमीटर. जड रिव्हॉल्व्हरला ८ ते १० औंस, म्हणजे ३.२ ते ४ मिलिमीटर हवं. याहून पातळ असेल तर तोंड मिटतं आणि एका हाताने परत घालता येत नाही. तोंडाशी चामड्याची जादा पट्टी शिवलेली असली तर उत्तम.

आतलं अस्तर हा वादाचा विषय. मखमलीसारखं सुएड दुकानात छान दिसतं, पण त्यात वाळू आणि ओल अडकते. वाळू चकाकी घासते, ओल गंज आणते. गुळगुळीत बाजू आत असलेलं अस्तर किंवा अस्तरच नाही, हे बरं.

शिवण पाहा. एका दोऱ्याला दोन सुया लावून घातलेल्या हातटाक्यात एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. मशीनचा टाका तुटला की उसवत जाऊ शकतो. मशीनच्या शिवणीने होल्स्टर वाया जात नाही, फक्त टोकांना उलटे टाके घातलेले हवेत. दोन पदरांच्या मध्ये कडेला चामड्याची एक पट्टी भरलेली असते, ती आहे ना ते तपासा. ती नसेल तर पुढची साइट आणि सिलिंडरची (काडतुसांच्या फिरत्या नळकांड्याची) कड थेट दोऱ्यावर घासते.

चापाभोवतीची कडी पूर्ण झाकलेलीच हवी. १९२० च्या दशकात एल पासोत टॉम थ्रीपर्सन्स या पोलिसाच्या नावाने जी रचना प्रसिद्ध झाली, ती झटपट उपसता यावी म्हणून चापापाशी उघडी ठेवलेली होती. दिसायला ती आजही देखणी आहे. काटेरी झुडपातून सरपटताना उघडा चाप मात्र नको.

अडकवण्यासाठी दोन प्रकार. सिंगल ॲक्शनला, म्हणजे दर गोळीआधी हॅमर (मागचा घोडा) अंगठ्याने ताणावा लागतो अशा रिव्हॉल्व्हरला, हॅमरवर टाकायची चामड्याची वादी; डबल ॲक्शनला, म्हणजे नुसता चाप ओढूनही हॅमर ताणला जातो अशाला, टिचबटणाची पट्टी. वादी साधी आणि दुरुस्तीला सोपी, पण भिजली की सैल पडते. टिचबटणामागे चामड्याचं किंवा प्लास्टिकचं आवरण नसेल तर ते सिलिंडरवर ओरखडे काढतं. कुठलंही असो, लोकरी हातमोजे घालून उघडून पाहा.

घेतल्यावर पहिली चाचणी घरी, रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची दोनदा खात्री करून. हंगामाचे सगळे कपडे, सॅक, दुर्बीण चढवा. वाका, गुडघ्यांवर रांगा, खुर्चीवरून उडी मारा. मग पट्टी लावून होल्स्टर गादीवर उलटं धरून हलवा. पट्टी नसतानाही निव्वळ घट्टपणावर ते क्षणभर तरी थांबायला हवं. फारच घट्ट असेल तर रिव्हॉल्व्हर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर आत ठेवा. तेल लावून सैल करू नका, नीट्सफूट तेलाने चामडं कायमचं ढिलं पडतं.

परत घालताना अपघात होतात. जाकिटाच्या दोरीचं टोक कडीत शिरतं आणि चाप दाबला जातो. म्हणून खाली बघून, सावकाश घाला आणि डबल ॲक्शनच्या हॅमरवर अंगठा ठेवा. चाप कुठे अडकला तर हॅमर मागे सरकताना अंगठ्याला कळतं. सिंगल ॲक्शनचा हॅमर ताणलेला असताना ते होल्स्टरमध्ये कधीही घालू नका. १९७३ च्या आधीची रुगर आणि कोल्टच्या जुन्या धाटणीची सिंगल ॲक्शन पाचच काडतुसं भरून, हॅमर रिकाम्या खान्यावर ठेवून वाहायची.

पावसाने भिजलं की रिव्हॉल्व्हर बाहेर काढा आणि होल्स्टर खोलीच्या उबेत वाळवा. शेगडीजवळ ठेवलं तर चामडं आकसतं आणि तडकतं. घसरून पडलात की नळीचं तोंड तपासा. तळाशी उघड्या होल्स्टरमध्ये बर्फ आणि चिखल खालून शिरतो, आणि बुजलेल्या नळीतून गोळी झाडणं जिवावर बेतू शकतं. होल्स्टर नळीपेक्षा सेंटिमीटरभर लांब असेल तर हे कमी होतं. थंडीतून गरम तंबूत आलात की धातूवर दव धरतं, तेव्हा तेलाच्या फडक्याने पुसून रात्रभर होल्स्टरच्या बाहेरच ठेवा. स्टेनलेसही गंजतं, फक्त उशिरा.

हंगाम संपला की रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये ठेवून कपाटात टाकू नका. पट्ट्यावरच्या कड्यांतली काडतुसंही काढा. चामड्यातल्या आम्लाने पितळेवर हिरवी पूड चढते आणि काडतूस कडीत किंवा सिलिंडरमध्ये चिकटतं. वरवरची पूड कोरड्या फडक्याने निघते. खाली खड्डे दिसले तर ते काडतूस बाजूला काढायचं.