टीएसएच वाढलंय? डोस बदलण्याआधी हे वाचा

रिपोर्टमध्ये टीएसएच जास्त आलं की 'थायरॉइड वाढलंय' असं सर्रास म्हटलं जातं. बहुतेक वेळा परिस्थिती नेमकी उलटी असते. टीएसएच हे संप्रेरक (हार्मोन) थायरॉइड ग्रंथीत बनतच नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. रक्तात टी४, म्हणजे थायरॉइड बनवते ते संप्रेरक, कमी पडलं की पिट्युटरी टीएसएच वाढवून थायरॉइडला कामाला लावते, पुरेसं झालं की हात आखडता घेते. आणि ती भलतीच हळवी आहे. टी४ जरासं घसरलं तरी टीएसएच कित्येक पटींनी चढतं. म्हणून टी४ नॉर्मल आणि टीएसएच मात्र वाढलेलं, ७ किंवा ८, असे रिपोर्ट येतात.

थायरॉक्सिनची गोळी, म्हणजे बाहेरून दिलेलं टी४, सुरू केल्यावर घाई नडते. टी४ चं अर्धआयुष्य (ते शरीरात निम्मं उरायला लागणारा वेळ) सुमारे ७ दिवसांचं, त्यामुळे रक्तातली पातळी स्थिरावायलाच ५-६ आठवडे जातात. तपासणी ६ ते ८ आठवड्यांनीच करावी. पंधरा दिवसांत टीएसएच पाहून डोस वाढवला, तर पुढे तो जास्त होऊ शकतो: छातीत धडधड, हाताला कंप, झोप उडणं. असं वर्षानुवर्षं चाललं तर हाडंही ठिसूळ होतात.

डोस बरोबर असूनही टीएसएच उतरत नसेल, तर आधी गोळी कशी घेतली जाते ते बघा. उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत. चहा-कॉफी आणि नाश्ता अर्ध्या ते एका तासानंतर. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिला आतड्यातच धरून ठेवतात, म्हणून मध्ये ४ तास हवेत. रक्त द्यायच्या दिवशी गोळी रक्त दिल्यावर घ्यावी. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व चालू असेल तर लॅबला आणि डॉक्टरांना सांगाच. काही चाचण्यांत त्यामुळे टीएसएच खोटं कमी दिसतं. निदान २ दिवस आधी ते बंद ठेवतात.

एक प्रकार मात्र नुसत्या टीएसएचवर हमखास निसटतो. बिघाड पिट्युटरीतच असेल तर टी४ कमी असूनही टीएसएच नॉर्मल येतं. थकवा, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणं अशी लक्षणं ठळक असतील तर फ्री टी४ (रक्तातलं मोकळं टी४) सोबत करून घ्यायलाच हवं. पिट्युटरीत बिघाड असलेल्या रुग्णात गोळी देण्याआधी कॉर्टिसोल तपासतात; रक्तदाब टिकवणारं हे संप्रेरकही पिट्युटरीच्याच हुकमावर बनतं. ते कमी असताना आधी थायरॉक्सिन दिलं, तर शरीर उरलंसुरलं कॉर्टिसोलही झपाट्याने संपवतं, रक्तदाब कोसळतो आणि जिवावर बेतू शकतं.