पावतीपुस्तकातला अनुभव

नोकरीच्या मुलाखतीत ‘स्वतःबद्दल थोडं सांगा’ असं म्हटलं की आपला माणूस स्वतःला सोडून बाकी सगळ्यांबद्दल सांगतो. वडील अमुक कंपनीत होते, आता रिटायर्ड. आई घरीच असते. मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात, पण जन्म इथलाच, केईएममधला. मी काही वर्षं टेबलाच्या पलीकडे, म्हणजे उमेदवारांचे अर्ज चाळायच्या कामावर होतो, त्यामुळे ही वंशावळ पुष्कळ ऐकली आहे. मला ती आवडायची. साहेबांना नाही आवडायची. ते पेनाचं टोपण उघडमीट करत बसायचे.

आता निवृत्त झाल्यावर चाळीतली पोरं संध्याकाळी तालमीला येतात. ‘काका, जरा प्रश्न विचारा ना,’ म्हणतात आणि समोर पलंगावर ताठ बसतात. (मुलाखती पलंगावर होत नाहीत हे मान्य, पण आमच्या खोलीत खुर्ची एकच आहे आणि ती साहेबाची.) मोबाइलमध्ये यादी तयार असते. तुमच्या जमेच्या बाजू कोणत्या, उणिवा कोणत्या, आधीची नोकरी का सोडताय, आम्ही तुम्हालाच का घ्यावं. उत्तरंही तयार असतात, आणि गंमत म्हणजे ती सगळ्यांची तीच असतात. उणीव विचारली की परळपासून पालघरपर्यंत प्रत्येक जण परफेक्शनिस्ट. ज्याची गादी अजून आईच गुंडाळते, तोसुद्धा.

त्या यादीत ‘पाच वर्षांनंतर स्वतःला कुठे पाहता?’ हा एक प्रश्न असतोच. आमच्या चाळीतल्या आधीच्या पिढीला तो कोणी विचारलाच नाही. गिरणीत बदली कामगार म्हणून लागायचं तर पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर उभं राहायचं. जॉबरने, म्हणजे माणसं कामावर घेणाऱ्या मुकादमाने, बोट केलं तर आत, नाहीतर घरी. पाच वर्षं लांब राहिली, उद्याचीही खात्री नसे. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि ज्यांना कायमची वाटत होती त्यांच्याही नोकऱ्या गेल्या. आता त्याच जमिनींवर काचेची ऑफिसं आहेत. आमची पोरं कमला मिलच्या कंपाउंडमध्ये मुलाखतीला घरून चालत जातात आणि तिथे ‘मला टीम लीड करायला आवडेल’ असं सांगून येतात. खरं उत्तर त्यांना आणि मलाही ठाऊक असतं : पाच वर्षांनंतर इथेच असू, रिडेव्हलपमेंटचं काही झालं नाही तर.

तरी पाठांतराबद्दल पोरांना तरी किती बोलायचं? प्रश्न ठरलेले असले की उत्तरंही ठरणारच. एडिसनने १९२१ च्या सुमारास नोकरीसाठी आलेल्या पदवीधरांपुढे शंभरावर प्रश्नांची जंत्री ठेवली होती. फ्रान्सला कोणकोणते देश लागून आहेत, व्होल्गा नदी कुठे आहे, असले प्रश्न. ते वर्तमानपत्रात फुटले आणि लोक घरबसल्या स्वतःची परीक्षा घेऊ लागले. त्याच वर्षी आइनस्टाइन अमेरिकेत गेलेला; त्याला कोणीतरी त्यातला ध्वनीच्या वेगाचा प्रश्न टाकला. पुस्तकात सापडणाऱ्या गोष्टी मी डोक्यात ठेवत नाही, अशा अर्थाचं उत्तर देऊन तो मोकळा झाला. आपल्याकडे असं उत्तर दिलं तर ‘कळवतो’ म्हणतील.

परवा शेजारच्या खोलीतला मुलगा आला होता. बीकॉम झालेला, पहिलीच नोकरी, अकाउंट्समधली. ‘एखादा कठीण प्रसंग तुम्ही कसा हाताळलात?’ असं विचारल्यावर त्याने घडाघडा म्हणून दाखवलं : कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये आमच्या टीमपुढे अनेक आव्हानं होती, पण योग्य संवादाने आम्ही त्यांवर मात केली. मी म्हटलं, कोणती आव्हानं? गप्प. संवाद कोणाशी केला? गप्प. ‘काका, तिथे एवढंच लिहिलंय.’

आता हा मुलगा आमच्या गणेशोत्सव मंडळाचा हिशेब बघतो. गेल्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या रात्री मंडपवाल्याने ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागितले, नाहीतर पडदे लावत नाही म्हणाला. कमिटीत दोन तट पडले. एक म्हणे देऊन टाका, दुसरा म्हणे हाकलून द्या, आणि मूर्ती सकाळी यायची. या पोराने फायलीतून कोटेशन काढलं, ज्यादा काम खरंच किती झालंय ते मंडपवाल्याबरोबर फिरून मोजलं, तेवढ्याचे पैसे कबूल केले आणि बाकीच्याला नाही म्हणाला. पुढे विसर्जन झाल्यावर जमाखर्च फळ्यावर लावला, ज्यादा दिलेली रक्कम वेगळी दाखवून. चाळीत हिशेबावरून भांडण न होता उत्सव पार पडला ही लहान गोष्ट नाही.

म्हटलं, हे सांग.

‘हे? हे मंडळाचं आहे काका.’

कंपन्यांत याला स्टार पद्धत म्हणतात. आधी परिस्थिती काय होती, मग तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही काय केलंत, आणि शेवटी निष्पन्न काय झालं. याच्या गोष्टीत चारही होतं, फक्त सांगताना प्रत्येक वाक्य ‘आम्ही’वर जायचं. आम्ही कोटेशन काढलं. आम्ही म्हणजे कोण, विचारलं तर म्हणाला, ‘म्हणजे... मीच.’ आपल्या घरात ‘मी केलं’ म्हणणाऱ्याला शहाणा म्हणून टोमणा मिळतो, तो इतका मुरलेला असतो की मोबदला मिळायच्या जागीही जीभ वळत नाही. मग मी त्याला तीच गोष्ट आधी मराठीत आणि मग इंग्रजीत सांगायला लावली. इंग्रजीत ती निम्मी झाली. आव्हानं आणि मात गेली, मंडपवाला राहिला.

त्याच्या आजोबांना या सगळ्या तयारीचं हसू येतं. त्यांच्या मते मुलाखत म्हणजे वशिला. केंद्र सरकारने २०१६ पासून खालच्या गटांतल्या पदांच्या मुलाखती बंद केल्या, तेव्हा ‘बघ, मी म्हणत नव्हतो?’ म्हणून ते चाळभर सांगत होते. खाजगी ऑफिसांत मुलाखत अजून आहे आणि त्यांचा वशिला तिथे चालत नाही, हे त्यांचं खरं दुखणं.

पगाराचं मात्र आई बघते. पोरगं ‘पॅकेज’ म्हणून वर्षाचा लाखांतला आकडा सांगतं, तिचा प्रश्न एकच : महिन्याला हातात किती? तिचा प्रश्न माझ्या यादीपेक्षा नेमका आहे. त्या आकड्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ धरलेला असतो, बऱ्याच ठिकाणी ग्रॅच्युइटीही. ते पैसे पहिल्या तारखेला दिसत नाहीत. म्हणून मी पोरांना सांगतो, शेवटी साहेब ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ म्हणतात तेव्हा ‘नो सर’ म्हणून उठू नका. या जागेवर आधी कोण होतं आणि ते का गेलं, एवढं विचारा.

‘असं विचारलेलं चालतं, काका?’

चालतं. आमच्या साहेबांना कोणी ते विचारलं की टोपण एकदम बंद व्हायचं, आणि ते खुर्चीत जरा पुढे सरकून बसायचे.