वर घड्याळ, खाली क्रूस

प्रागच्या जुन्या चौकात तासाचे टोले पडले. १४१० सालचं घड्याळ, घंटा वाजवणारा सांगाडा, खिडकीतून सरकणारे प्रेषित. मोबाईल खाली आले, गर्दी पांगली.

टॉवरच्या कोपऱ्यावरून वळलो तर आई एकदम थबकली. "अगं, सरक! पाय पडतोय."

फरसबंदीत पांढऱ्या दगडांचे क्रूस. सत्तावीस. हॅब्सबर्ग राजघराण्याच्या सत्तेविरुद्ध बंड केलं म्हणून २१ जून १६२१ला इथेच २७ जणांना मारलं, त्यांचे. त्यांच्यावरून ट्रॉलीबॅगा खडखडत चाललेल्या, एक जण सेल्फीसाठी नेमका तिथेच उभा. (फोटो छान आला असणार.)

आईला चेक इतिहास ठाऊक नव्हता, तरी ती कडेकडेने गेली.

लेकीचा प्रश्न: "मग कठडा का नाही घातला?"

तुम्ही घातला असता?