इम्पोर्ट झाल्यावर त्या डेटाकडे बघणार कोण?

एखाद्या सरकारी खात्याने खुला केलेला इमारतींचा किंवा रस्त्यांचा सगळा डेटा ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी मिळून घडवलेल्या खुल्या नकाशावर एकदम चढवावा, म्हणजेच त्याचा इम्पोर्ट करावा, असा प्रस्ताव कोणी मांडला की समुदायात लगेच दोन तट पडतात. एका बाजूचे म्हणणे असते की रिकामा नकाशा कोणी वापरत नाही आणि जो नकाशा कोणी वापरत नाही त्यात भर घालायलाही कोणी येत नाही. शिवाय खात्याने पगारी माणसे लावून मोजलेली गोष्ट आपण हाताने पुन्हा रेखाटत बसण्यात कोणते शहाणपण आहे? दुसरी बाजू म्हणते की हा प्रकल्प प्रत्यक्ष पाहून नोंद करणाऱ्यांनी उभा केला आहे आणि परका डेटा ओतला की नवख्या माणसाला आपल्यासाठी काही उरलेच नाही असे वाटते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. तरीही चर्चा बहुतेक वेळा डेटा किती अचूक आहे यावरच अडकते, आणि माझ्या मते खरा प्रश्न तो नसतोच. चढवलेल्या नोंदींची पुढची पाच-दहा वर्षे निगा कोण राखणार, हे कोणी विचारत नाही, आणि म्हणून वाद पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन थांबतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. २००७ आणि २००८ मध्ये तेथील जनगणना विभागाचा ‘टायगर’ हा रस्त्यांचा डेटा जवळजवळ संपूर्ण देशासाठी ओपनस्ट्रीटमॅपवर चढवण्यात आला. तो डेटा मुळात जनगणनेच्या सोयीसाठी तयार झाला होता; कोणते घर कोणत्या गटात मोजायचे हे कळण्यासाठी रस्त्याची रेघ नेमकी जागेवर असण्यापेक्षा ते घर कोणत्या रस्त्यांच्या मध्ये आहे हे महत्त्वाचे होते. त्या कामासाठी तो पुरेसा होता. तोच डेटा वाट दाखवण्यासाठी वापरायची वेळ आली तेव्हा मात्र अडचणी उघड झाल्या.

अशी एखादी रेघ एडिटरमध्ये, म्हणजे नकाशा संपादित करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडून पाहावी. तिच्यावर ‘टायगर:रिव्ह्यूड=नो’ असा टॅग, म्हणजे वस्तूला जोडलेली माहितीची चिठ्ठी, असतो; त्याचा अर्थ, हा रस्ता अजून कोणा माणसाने तपासलेला नाही. मूळ डेटातील ‘ए४१’ हा स्थानिक रस्त्यांचा सरसकट वर्ग इकडे निवासी रस्ता म्हणून आला, त्यामुळे शेतातली चाकोरी, एखाद्याच्या घरापर्यंत जाणारी खासगी वाट आणि खरोखरच वस्तीतला रस्ता हे तिन्ही एकसारखे दिसू लागले. उपग्रह छायाचित्र खाली ठेवले की रेघ घरांच्या छपरांवरून गेलेली आढळते. ती सरकवायची, दोन रस्ते खरोखर एकमेकांना मिळतात की एक पुलावरून आणि दुसरा खालून जातो हे पाहायचे, दोन काउंट्यांच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या विभागांच्या) सीमेवर तुटलेला सांधा जोडायचा, वर्ग बदलायचा आणि मग तो टॅग काढायचा. एका रस्त्याला काही मिनिटे लागतात, आणि रस्ते लाखोंनी आहेत. चढवण्याचे काम संगणकाने केले. तपासण्याचे काम माणसे आजही करीत आहेत.

यावरून इम्पोर्टने समुदाय मरतोच, असा निष्कर्ष काही जण काढतात आणि जर्मनीकडे बोट दाखवतात, कारण तिथला नकाशा मुख्यतः लोकांनी स्वतः फिरून घडवला. मला हा निष्कर्ष मान्य नाही. नेदरलँड्समध्ये २००७ मध्ये एएनडी या कंपनीने देऊ केलेला रस्त्यांचा डेटा आला आणि पुढे इमारतींच्या व पत्त्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतून देशभरच्या इमारतीही आल्या, तरी तिथले मॅपर, म्हणजे नकाशात भर घालणारे स्वयंसेवक, आजही सक्रिय आहेत. तिथे इमारतींवर मूळ नोंदवहीचा क्रमांक टॅग म्हणून ठेवला गेला, त्यामुळे खात्याकडे एखादी इमारत बदलली की नकाशावरची नेमकी तीच इमारत शोधता येते. पुढच्या आवृत्तीचे काय करायचे याचा विचार आधीच झालेला असला की इम्पोर्ट ओझे होत नाही.

सर्वांत जास्त मने दुखावतात ती आधीच्या नोंदी पुसल्या जातात तेव्हा. समजा, एका मॅपरने एखादी इमारत थोडी वाकडी रेखाटली आहे, पण तिच्यावर तळमजल्यावरील दवाखान्याचे नाव, त्याच्या वेळा आणि चाकाची खुर्ची आत जाते की नाही ही माहिती नोंदवली आहे. सरकारी संचात त्याच इमारतीचा आकार काटेकोर आहे, पण बाकी काहीच नाही. जुनी काढून नवी ठेवली तर आकार सुधारतो आणि माहितीबरोबर त्या वस्तूचा इतिहासही तुटतो. दोन्ही ठेवल्या तर एकावर एक दोन इमारती दिसतात. जोसम या एडिटरमध्ये एका प्लगइनच्या (वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमच्या) साहाय्याने जुन्या वस्तूची ओळख आणि टॅग राखून फक्त आकार बदलता येतो, पण ते काम एकेका इमारतीपाशी थांबून करावे लागते आणि घाईत असलेल्याला नेमके तेच नको असते. ज्याने ती माहिती दारात उभे राहून गोळा केली, त्याचा संताप मला पूर्णपणे समजतो.

परवान्याचा मुद्दा त्यामानाने सोपा आहे. डेटा सर्वांना पाहायला खुला आहे म्हणजे तो आपल्या परवान्याखाली देता येतो, असे नाही. २०१२ मध्ये प्रकल्पाने परवाना बदलला तेव्हा संमती न मिळालेल्या नोंदी काढून टाकाव्या लागल्या होत्या. लेखी परवानगीचा आग्रह धरणाऱ्यांना निव्वळ अडवणूक करणारे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

आता यंत्राने छायाचित्रांवरून ओळखलेल्या आकारांची भर पडली आहे. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये अमेरिकेतील सुमारे साडेबारा कोटी इमारतींचे आकार खुले केले, आणि रॅपिडसारख्या एडिटरमध्ये असे आकार एकेक करून स्वीकारता येतात. ही पद्धत मला घाऊक चढवण्यापेक्षा बरी वाटते, कारण प्रत्येक आकारावर निदान एकदा माणसाची नजर पडते, अर्थात स्वीकारणारा नुसता बटण दाबत सुटला नसेल तर.

इम्पोर्टचे नियम, म्हणजे आधी स्थानिक समुदायाशी चर्चा, लेखी आराखडा, चढवण्यासाठी वेगळे वापरकर्ता-खाते, मला योग्यच वाटतात. मात्र ते प्रस्तावकाला ज्या सुरात ऐकवले जातात तो सूर बदलायला हवा. महिनोन्‌महिने डेटा साफ करून आलेल्या माणसाला पहिल्याच उत्तरात नियमभंगाची धमकी मिळाली तर तो दोनपैकी एक करतो: निघून जातो किंवा न विचारता चढवतो. एकदा चढवलेल्या नोंदींवर इतरांची संपादने झाली की त्या मागे घेणे फार किचकट होते. म्हणून मी अलीकडे प्रत्येक प्रस्तावावर आधी दोनच गोष्टी विचारतो: त्या भागातले कोणते मॅपर यात सामील आहेत आणि मूळ खात्याची पुढची आवृत्ती आली की ती कोण पडताळणार. उत्तरात माणसे असतील, तर डेटात थोड्या चुका असूनही मी पाठिंबा देतो. नसतील, तर तो लहान लहान भागांत विभागून, पहिला भाग तपासून झाल्यावरच दुसरा हाती घ्यावा, असे सुचवतो.