आमची वाटचाल : कांडीपासून वहीपर्यंत

आमच्या दुकानाच्या पाटीवर अजून 'कृत्रिम रेतन सेवा' एवढंच लिहिलंय. पाटी बदलायची राहून गेली. कारण आज आमच्याकडून गोठ्यात पहिल्यांदा जाते ती वही. शंभर पानी, जाड पुठ्ठ्याची, एका म्हशीला दोन पानं. कांडीचा, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या नळीचा, नंबर त्यानंतर.

2009 साली धंद्याला सुरुवात केली तेव्हा पदविकेचा कागद, जुनी मोटरसायकल आणि कांड्या गोठलेल्या ठेवायला द्रव नायट्रोजनचा तीन लिटरचा कंटेनर एवढंच भांडवल होतं. कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात घरटी दोन-चार म्हशी, दारात ऊस आणि गावात दूध संस्था. गोकुळ दूध संघ 1963 सालचा, म्हणजे आमच्या वडिलांच्या पिढीपासून दर दहा दिवसांच्या दूधबिलावर घरं चालत आलेली. त्यामुळे गिऱ्हाईक शोधायला लागलं नाही. फोन आला की गाडी काढायची, म्हस भरवायची, म्हणजे कांडीतलं वीर्य तिच्या गर्भाशयात सोडायचं, पैसे घ्यायचे. उलटली, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आली, तर एकवीस दिवसांनी पुन्हा फोन, पुन्हा पैसे.

त्या काळात मी काय काय चुका केल्या हे सांगायला हवं. कांडी उणे 196 अंशांतून काढल्यावर 37 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची असते. थर्मासमध्ये कोमट पाणी नेण्याचा कंटाळा, म्हणून मी ती कधीकधी तळहातावर चोळायचो. मालकाला काय कळणार? पण म्हशीला कळतं, ती उलटते.

त्याहून मोठी चूक 2011 सालची. एका घरातून पहाटे फोन आला की म्हस रेकतीय, माजावर आहे. मी गेलो, भरवली. आधीची तारीख विचारली तर 'झाली असतील की तीन-चार म्हैनं' असं मोघम उत्तर. म्हस आधीच गाभण होती. काही जनावरं गाभणपणातही माज दाखवतात, हे मी पदविकेला शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. चौथ्या दिवशी ती गाभडली, गर्भ पडला. त्या घरच्या काकी मला एक शब्द बोलल्या नाहीत, चहाही दिला. तो चहा अजून घशात अडकल्यासारखा वाटतो.

तरीही धंद्याची रीत बदलली नाही. ती बदलली गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर. रात्री धारोष्ण दुधाचा ग्लास हातात घेऊन उभा होतो. समोर धार काढणारे गवळीमामा, माझे जुने गिऱ्हाईक. ते हसत म्हणाले, "तुझं बरं हाय की रं भावा. आमची म्हस उलटली की तुझं मीटर पुन्यांदा पडतंय." सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन हिशेब मांडला तर मामांचंच खरं निघालं. ज्या गोठ्यात जनावरं गाभण राहत नव्हती, तेच माझे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक होते.

मग मेहुण्याला भागीदार घेतलं आणि दर कांडीचे पैसे बंद केले. वर्षाची ठरावीक फी, त्यातली निम्मी आधी. उरलेली निम्मी पशुवैद्यक डॉक्टरांनी तपासून 'गाभण आहे' म्हटल्यावर. पहिलं वर्ष तोट्यात गेलं, मेहुण्यानं दोनदा हात जोडले. पण पैसे अडकल्यावर मी गोठ्यात जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागलो.

पहिली गोष्ट दिसली ती माजाची. म्हशीचा माज गाईसारखा ढोल वाजवत येत नाही. बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे. सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, थोडाच, तोही बसल्यावर जमिनीवर पडलेला. वैरण कमी खाणं, दूध चोरणं म्हणजे पान्हा न सोडणं, सारखं थोडं थोडं मुतणं, इतकीच खूण. उन्हाळ्यात तर मुका माज, कुणाला पत्ताच नाही. काळं कातडं, घामाच्या ग्रंथी कमी, त्यामुळे तापलेल्या पत्र्याखाली बांधलेली म्हस माज गिळून टाकते. पावसाळा सरला, दिवस लहान झाले की सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तिचा खरा हंगाम. तो चुकला तर पुढचे सहा महिने नुसती वैरण.

आणि हे सगळं बघतं कोण? घरातल्या बायका. पुरुष मला फोन करायचा, पण म्हशीनं काल रात्री धार चोरली हे सासूला किंवा सुनेला ठाऊक असायचं. म्हणून वही त्यांच्या हातात दिली. व्यायल्याची तारीख, वार पडली का, पहिला माज, भरवल्याची तारीख आणि वेळ, एकविसाव्या दिवशी काय दिसलं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायचं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. बस्स. व्याल्यानंतर साठ दिवसांच्या आत घाई नाही. तीनदा भरवून राहिली नाही तर चौथी कांडी नाही, डॉक्टर. गर्भपिशवीचा दाह आणि हार्मोनची इंजेक्शनं हा त्यांचा प्रांत, त्यात आम्ही हात घालत नाही. हा नियम सुरुवातीला अनेकांना आवडला नाही. "एक कांडी टाकून बघा की" म्हणणारे अजूनही भेटतात.

दुसरी गोष्ट वैरणीची. आपल्याकडे गळीत हंगामात उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, फुकटात मिळतं, म्हणून चार-पाच महिने म्हशीपुढे नुसतं वाडंच. वाड्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, ते जनावराच्या अंगी लागत नाही. नेमका तोच काळ म्हशीच्या माजाचा. आम्ही वाड्याबरोबर कडबा, चुन्याची निवळी आणि रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण सांगतो. खनिज मिश्रण आम्ही विकतोही, तेव्हा यात आमचा स्वार्थ आहे हे उघडच. पण दूध संस्थेतून स्वस्त मिळत असेल तर तिथून घ्या, वहीत लिहा म्हणजे झालं.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चढली. चिखली, आंबेवाडी पाण्यात, शिरोलीजवळ हायवे बंद. जनावरं हलवण्यात आठवडा गेला आणि नायट्रोजनची गाडी आलीच नाही. कंटेनरमध्ये पट्टी घालून पातळी बघायची माझी पाळी होती, मी बघितली नाही. सगळ्या कांड्या गेल्या. तेव्हापासून मोठा कंटेनर उंचावरच्या खोलीत आणि दर सोमवारी पट्टी. 2021 ला पाणी पुन्हा आलं, तेव्हा कांड्या वाचल्या.

शिरोळ तालुक्यातल्या एका पोरानं मध्यंतरी मोबाईलवर उत्तर ऑस्ट्रेलियातले मांसासाठी पाळलेल्या गाईंचे कळप दाखवले. हजारोंनी ब्राह्मन जातीची जनावरं, उष्ण कटिबंधातली, आपल्यासारखीच उन्हाची आणि गोचिडांची काळजी. तिथला धंदा वेगळा, आपल्याकडे तसा चालणार नाही. गाभण न राहिलेली गाय ते सरळ कळपातून विकून टाकतात. पण तीन गोष्टी मी उचलल्या. एक, पाठीच्या आणि कमरेच्या हाडांवर हात फिरवून एक ते पाच गुण द्यायचे. व्यायच्या आधी जनावर हाडावर आलं असेल तर नंतर माज लांबणारच. दुसरी, अंगावर पिणारं वासरू असेपर्यंत गाय माजावर यायला उशीर लागतो. आपली पारडी धारेच्या आधी-नंतर थोडी पितात, तिथं वासरू दिवसभर आईबरोबर, म्हणून तिथं हा प्रश्न फार मोठा. तरी आमच्या वहीत पारडू अंगावरून कधी तोडलं तो रकाना वाढला. गंमत अशी की अमेरिकेत ही ब्राह्मन जात तयार झाली तेव्हा तिच्यात गीर, कांकरेज, ओंगोलबरोबर आपल्या कृष्णाकाठच्या गाईचंही रक्त गेलंय. ती गाय आता इथं शोधावी लागते.

तिसरी गोष्ट वळूची. तिथं हंगामाआधी प्रत्येक वळूच्या अंडकोषाचा घेर टेपनं मोजतात, वीर्य तपासतात. आपल्याकडे गावच्या रेड्याला कुणी विचारत नाही, त्याच्याकडे नेलेली म्हस राहिली नाही की दोष म्हशीचाच. डॉक्टरांशी बोलून ठेवलंय, टेपही आणलीय. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, मोरपिसं लावून म्हशी मिरवणारे सगळे मालक ओळखीचे आहेत. पण रेडा उभा करा म्हटलं की प्रत्येकाला नेमकं त्याच दिवशी शेतात काम निघतं.